कडक ऊन आणि हेवी वारा

आमच्या यावल तालुक्यात केळीच्या खालोखाल काही मुबलक पिकत असेल, तर तो माझ्या इंग्रजीविषयीचा गैरसमज. फार वर्षांपूर्वी मी इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालो आणि तेवढ्या एका अपराधापायी गावात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद आजतागायत माझ्या ओट्यावर येऊन पडतो. कागदातले शब्द मला बहुधा ठाऊक असतात. कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो, एवढेच ठाऊक नसते. हे सोयरिकीसारखे आहे. दोन्हीकडची मंडळी चांगली असतात, तरी जुळत नाही, आणि का जुळत नाही ते कोणी सांगत नाही.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस वादळाने शेजारच्या नानांची केळीची बाग आडवी केली. केळीचे खोड म्हणजे पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी. त्यात लाकूड नसते आणि वर घडाचे ओझे असते, त्यामुळे वारा सुटला की उभी बाग झोपते. माल दुबईला जायचा होता. नाना येऊन म्हणाले, “भो, दोन ओळी लिहून दे. जोराचा वारा झाला, जोराचा पाऊस झाला, माल कमी येईल.”

मराठीत एकच ‘जोर’ दोघांना पुरला. इंग्रजीत मात्र पाऊस हेवी असतो आणि वारा स्ट्राँग. पाण्याला वजन असते, म्हणून पाऊस हेवी, असे मी नानांना समजावू लागलो. पण मग ट्रॅफिकही हेवी असते, आणि दिवसाला दोन पाकिटे ओढणारा काटकुळा इसमसुद्धा हेवी स्मोकरच ठरतो, हे आठवून मी गप्प बसलो. नानांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “वाऱ्यात वजन नाही, तर माझी झाडं कोणी पाडली?” बी. ए.च्या अभ्यासक्रमात याचे उत्तर नव्हते.

एवढ्यावर भागले नाही. उरलेली बाग कडक उन्हाने करपली, हेही नानांना कळवायचे होते. ‘कडक’ हा शब्द खान्देशात बारमाही राबतो. पारा पंचेचाळिसाला टेकला की ऊन कडक, त्या उन्हात बसून प्यायचा तो चहा कडक, सदऱ्याची कॉलर कडक, बँकेतली नवी नोट कडक, हेडमास्तर कडक, चतुर्थीचा उपवास कडक, आणि श्रावणात घरी येणारी आमची देवी कानबाई तर फारच कडक. इंग्रजीत यांतल्या प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळे. ऊन स्कॉर्चिंग, चहा स्ट्राँग, कॉलर स्टिफ, नोट क्रिस्प. हेडमास्तर आणि उपवास मात्र एकाच घरात, दोघेही स्ट्रिक्ट. कानबाईला कोणते विशेषण लावावे, यावर मी हात टेकले. तिला क्रिस्प म्हणण्याची माझी छाती नाही.

शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून, अशा अर्थाचे जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहून ठेवले आहे. हे गृहस्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. आमच्याकडची मुले कोणत्या शब्दाला कोणत्या संगतीला लावतात, ते त्यांनी तिथेच सोसले असावे, असा माझा आपला तर्क आहे.

पत्र अर्धे झाले होते, तोवर नानांचा धाकटा आपला बायोडाटा घेऊन आला. त्यात त्याने ‘आय गेव्ह द एक्झाम’ असे लिहिले होते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत विद्यार्थीच ती ‘टेक’ करतो, त्यामुळे परदेशातल्या साहेबाला हा पोरगा पेपर काढणारा मास्तर वाटायचा. त्याखालची ओळ अशी होती की, तो २०१९ साली जळगावच्या कॉलेजातून ‘पास आऊट’ झाला. विलायतेत प्रशिक्षण संपवून जवान पास आऊट होतात, त्यांची तशी परेडही असते. इतरेजन पास आऊट झाले, तर तोंडावर पाणी मारावे लागते. जळगावात मे महिन्यात हेही अशक्य नाही, म्हणून ती ओळ मी तशीच ठेवणार होतो. पण ‘ग्रॅज्युएटेड’ लिहून दिले. पोराला ते फिके वाटले.

नानांच्या पत्रावर मी एकंदर दीड तास घालवला. हेवी पावसापाशी, स्ट्राँग वाऱ्यापाशी नेऊन बसवला, ऊन स्कॉर्चिंग केले, दोनदा डिक्शनरी चाळली आणि विलायतेतल्या व्याकरणाच्या मास्तरांनीही मान डोलवावी असा मजकूर मेलवर रवाना केला. संध्याकाळी दुबईहून उत्तर आले. खरेदी खात्यातला तो कारकून आपल्याच मुलखातला कोणीतरी असणार, कारण सबंध उत्तर एवढेच होते: “नोटेड. हेअर ऑल्सो हेवी विंड. प्लीज डू द नीडफुल.”

नानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.