एक मत गेलं कुठे?

परवा रात्री भाचा जेवायला आला होता. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातच राहतो, माझ्यापासून तीन बिल्डिंग सोडून, भाड्याने. जेवता जेवता म्हणाला, "मावशी, आपल्याला पण एक ट्रम्प पाहिजे. कुणाला विचारत बसत नाही. बोलला की करून टाकतो." मी त्याला काहीबाही बोलले, आवाजही चढला माझा, आणि तो गेल्यावर झोप लागली नाही. त्याला जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितेय. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

आधी त्याचं ऐकू. त्याचा राग खरा आहे. त्यांची बिल्डिंग पुनर्विकासासाठी पाडून पाच वर्षं झाली. बिल्डरने भाड्याचे चेक बंद केले त्याला दोन वर्षं होऊन गेली. या कार्यालयातून त्या कार्यालयात जातो, प्रत्येक ठिकाणी "पुढच्या आठवड्यात या". नगरसेवकाकडे जावं म्हटलं तर मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत मुंबईला नगरसेवकच नव्हता. २२७ वॉर्ड आणि एकही निवडून आलेला माणूस नाही. आरक्षण आणि वॉर्डरचनेच्या वादात निवडणूक कोर्टात अडकली आणि प्रशासकाने कारभार पाहिला. ७४ हजार कोटींच्या वरचं बजेट कुणाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झालं. आणीबाणी लागली नव्हती, कुणाला पकडून नेलं नव्हतं, तरी जवळजवळ चार वर्षं आपण असे राहिलो आणि आपल्याला त्याची सवय झाली. ज्या पोराने विशी-पंचविशीत हे पाहिलं, त्याला सभागृह, चर्चा, मतदान हे सगळं वेळकाढूपणा वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही. "एक माणूस आणा, तो सगळ्यांना सरळ करेल" असं वाटणं त्यातूनच येतं.

पण त्याने ज्याचं नाव घेतलं त्याच्याबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे, आणि ती माझ्या फार जवळची आहे.

मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं. निवडणुकीची ड्युटी किती वेळा केली ते आता आठवतही नाही. शेवटच्या काही वेळा केंद्राध्यक्ष होते. ज्यांनी केली नाही त्यांना सांगते. आदल्या दिवशी रांगेत उभं राहून मशीन, सिलं, फॉर्म, शाई मोजून घ्यायची. रात्री मतदान केंद्रावरच, वर्गातल्या बाकावर चादर टाकून पडायचं. पहाटे साडेपाचला पोलिंग एजंटांसमोर, म्हणजे पक्षांनी केंद्रावर बसवलेल्या माणसांसमोर, मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायला लुटुपुटीचं मतदान. निदान ५० मतं टाकून दाखवायची, हिशेब जुळला की ती पुसायची, मशीन शून्यावर आणून सगळ्यांना दाखवायचं, सिलावर एजंटांच्या सह्या घ्यायच्या. सातला दार उघडायचं. मग संध्याकाळपर्यंत पाणी प्यायलाही उठता येत नाही.

२०१९ च्या विधानसभेला संध्याकाळी मी मशीन क्लोज केलं. मशीनवर ६१२. नोंदवहीत सह्या ६१३.

सत्तेतल्या एका पक्षाचा एजंट टेबलावर हात आपटून ओरडला, "एक मत गेलं कुठे?" माझ्या हातापायातलं बळ गेलं. मग आठवलं. दुपारी एक आजी आल्या होत्या. अंगठा दिला, शाई लावून घेतली आणि मशीनपाशी जाऊन परत फिरल्या. म्हणाल्या, "मला नाही द्यायचं कुणालाच." मी 'कुणालाही नाही'चं बटण दाखवायला निघाले तर त्या ऐकेनात. नियमाप्रमाणे नोंदवहीत शेरा लिहिला, त्या शेऱ्यासमोर आजींचा अंगठा घेतला. ते पान काढून एजंटापुढे धरलं. तो बघायला तयार नाही. तेव्हा समोरच्या पक्षाचा एजंट, एक वयस्कर गृहस्थ, बसल्या जागेवरून म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. माझ्यासमोर झालंय." मग सतरा-सी फॉर्मवर, म्हणजे केंद्रावर एकूण किती मतं पडली त्याच्या हिशेबावर, सगळ्यांच्या सह्या झाल्या. प्रत्येकाला त्याची प्रत दिली.

बस आली तेव्हा तो ओरडणारा एजंट गेटवर उभा होता. मोबाइल काढून त्याने माझा फोटो घेतला आणि विचारलं, "मॅडम, कुठल्या शाळेत असता?" बस्स, एवढंच. मला कुणी हात लावला नाही, नंतरही काही झालं नाही. पण पुढचे पंधरा दिवस शाळेतून निघताना मी रोज रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत होते.

आता अमेरिकेतलं सांगते. जॉर्जिया राज्यातल्या अटलांटामध्ये २०२० च्या निवडणुकीत रूबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस मतमोजणीच्या कामाला होत्या. माझ्यासारख्याच, टेबलावर बसून कागद मोजणाऱ्या. ट्रम्प त्या राज्यात ११,७७९ मतांनी हरले. त्यांच्या माणसांनी मोजणीच्या हॉलमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण आणलं आणि सांगितलं, बघा, या बायका टेबलाखालून सुटकेसमधून खोटी मतं काढतायत. त्या मतपत्रिका ठेवायच्या नेहमीच्या पेट्या होत्या. आई मुलीच्या हातात काहीतरी देताना दिसत होती, ट्रम्प यांचे वकील म्हणाले ती यूएसबी आहे. ती आल्याची गोळी होती. रात्रभर जागताना घशाला बरं वाटावं म्हणून आपण आवळा सुपारी पुढे करतो ना, तशी.

जॉर्जियातली मतं तीनदा मोजली, त्यातली एकदा सगळी हाताने. निकाल तोच. पण २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी तिथल्या निवडणूक प्रमुखाला, स्वतःच्याच पक्षाच्या माणसाला, फोन केला की मला ११,७८० मतं शोधून द्या. फरकापेक्षा बरोबर एक जास्त. त्या एका फोनमध्ये देशाच्या अध्यक्षाने रूबी फ्रीमन यांचं नाव १८ वेळा घेतलं. एफबीआयच्या सांगण्यावरून त्या बाईंना दोन महिने घर सोडून राहावं लागलं. शेच्या आजीच्या घरात लोक घुसायला आले. मुलीने नोकरी सोडली. २०२३ मध्ये ज्युरीने त्या वकिलांना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. पण रूबी फ्रीमन यांनी साक्षीत सांगितलं की आता चारचौघांत स्वतःचं नाव सांगायलाही भीती वाटते.

गेटवरचा तो मोबाइल मला अजून आठवतो. माझ्या मागे एका पक्षाचा एक गल्लीतला कार्यकर्ता होता. त्या बाईंच्या मागे देशाचा अध्यक्ष होता.

भाचा म्हणाला होता, "मग लोकांनी २०२४ ला परत कसं निवडलं? ती लोकशाहीच ना?" होय, लोकशाहीच. ते रीतसर जिंकले आणि मी तो निकाल मानते. पण तो निकाल टिकला कसा ते बघ. मोजला तो अशाच बायकांनी. आणि हरलेल्या कमला हॅरिस यांनी दुसऱ्या दिवशी हार मान्य केली. उपाध्यक्ष या नात्याने ६ जानेवारी २०२५ ला संसदेत बसून प्रतिस्पर्ध्याच्या विजयाची नोंद त्यांनी स्वतः करून दिली. चार वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्याच इमारतीत जमाव दारं-खिडक्या फोडून घुसला होता, ट्रम्प हरल्याची नोंद होऊ नये म्हणून. पुन्हा अध्यक्षपदावर बसल्याच्या पहिल्याच दिवशी ट्रम्प यांनी त्यातल्या सुमारे १,५०० जणांना माफी दिली.

म्हणून "हा माणूस हुकूमशहा आहे का" या प्रश्नावर मी शब्दांचा काथ्याकूट करत नाही. भाषणात कोण काय बोललं त्यावरही जात नाही, प्रचारात सगळेच मोठमोठं बोलतात. मी एवढंच बघते की "नाही साहेब, तुम्ही हरलात" असं सांगणाऱ्या माणसाचं तो काय करतो. मोजणीच्या टेबलावरच्या बाईचं, न्यायाधीशाचं, बातमीदाराचं. त्या कसोटीवर ट्रम्प यांच्यापासून लोकशाहीला धोका आहे, असं मी स्पष्ट म्हणते. २०२१ मध्ये त्यांनी प्रयत्न केला आणि तो फसला, कारण पाच-पन्नास माणसांनी आपापल्या खुर्चीत बसून नकार दिला. त्यात त्यांच्याच पक्षाची माणसं होती, त्यांचे स्वतःचे उपाध्यक्ष होते.

आणि दरवेळी दारं फोडायला लागतात असंही नाही. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान २०१० मध्ये चोख निवडणुकीतून दोन तृतीयांश जागा घेऊन आले. मग नवी राज्यघटना केली आणि न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं. अडीचशेहून जास्त न्यायाधीशांना एका फटक्यात घरी जायची वेळ आली. युरोपच्या न्यायालयाने ते चूक ठरवलं, तोवर खुर्च्यांवर दुसरी माणसं बसली होती. मी निवृत्तीच्या कागदांसाठी वर्षभर खेटे घातलेत, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. साधा निवृत्तीचा नियम, आणि त्याने न्यायसंस्था बदलता येते.

कुणी म्हणेल, मग लोकांना गोळा करणारा पुढारीच नको का? असं मुळीच नाही. माझं लहानपण गोरेगावात गेलं. मृणालताई गोरे पाण्यासाठी बायकांचे मोर्चे काढायच्या, आई त्यात जायची. महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चात आमच्या घरचं लाटणं गेलं होतं. त्याही लोकांना भडकवतात असंच सरकार म्हणायचं. पण ताईंनी कधी "मी एकटीच हे करू शकते" असं सांगितलं नाही. ट्रम्प २०१६ च्या अधिवेशनात नेमकं तेच म्हणाले होते. ताई बायकांना सांगायच्या, तुम्ही स्वतः ऑफिसात जा, विचारा. मला तरी लोकांचा पुढारी आणि "मीच लोक" म्हणणारा यातला फरक तिथेच कळला.

आणीबाणी लागली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा कारकून, रोज गोरेगाव ते चर्चगेट. ते खूश होते. गाड्या वेळेवर, ऑफिसात सगळे दहाच्या ठोक्याला हजर. हे मी लपवणार नाही, आमच्या घरात आणीबाणी आवडली होती. मग एके रात्री शेजारच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांना पोलीस घेऊन गेले. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, नाशिक रोडच्या तुरुंगात. कुठल्या गुन्ह्यासाठी ते त्यांच्या बायकोला कुणी सांगेना. बाबा तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेले आणि चार तास बाहेर बसून परत आले. त्या दिवसानंतर गाड्यांच्या वेळेबद्दल ते घरात एक शब्द बोलले नाहीत.

१९७७ च्या मार्चमध्ये आम्ही पोरं गल्लीतून ओरडत फिरत होतो, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!" मृणालताई निवडून आल्या होत्या. रायबरेलीत इंदिराबाई ५५,२०२ मतांनी पडल्या. त्यांच्याबद्दल माझ्या मनात पुष्कळ राग आहे, पण एक मान्य करावंच लागतं. निवडणूक त्यांनीच लावली, मोजणी झाली, एका जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने देशाची पंतप्रधान हरली असं जाहीर केलं आणि त्या उठून गेल्या. त्या माणसाला, त्याच्या हाताखालच्या कारकुनांना त्या रात्री काय वाटलं असेल, याचा मी ड्युटीवर असताना पुष्कळदा विचार केलाय.

भाच्याच्या स्टेटसला दर २६ नोव्हेंबरला बाबासाहेबांचा फोटो असतो. त्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी केलेलं भाषण मी त्याला पाठवलंय. धर्मात भक्तीने आत्म्याला मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हे त्यातच आहे. त्याने अजून उघडलेलं दिसत नाही, दोन निळ्या खुणा आलेल्या नाहीत.

काल दुपारी खाली भेटला तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, तुला जो पक्ष आवडतो त्याचा पोलिंग एजंट हो. पुढच्या निवडणुकीत पहाटे साडेपाचला जाऊन बस. मॉक पोल बघ, सिलावर सही कर, संध्याकाळी सतरा-सीची प्रत हातात घे आणि मोजणीच्या दिवशी तुझा माणूस त्या केंद्रावर पडला असेल तर तो आकडा तूच फोन करून त्याला कळव. "बघतो," म्हणाला. त्याच्या बिल्डिंगच्या भाड्याच्या कामासाठी सोमवारी मीही त्याच्याबरोबर जाणार आहे, तेव्हा पुन्हा विचारीन.