गुडघा बदलला, पण मांडी घालता येते का?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून एक वाद पेटतो: ठाण्यात गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करावं? घोडबंदर रोडच्या चकचकीत हॉस्पिटलात, की नौपाड्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे? पुरावे ठरलेले. कॅशलेस झालं का, खोली कशी होती, चौथ्या दिवशी घरी सोडलं का. सहा महिन्यांनी गुडघ्याचं काय झालं, ते कुणीच सांगत नाही. माझ्या आईला डिस्चार्जनंतर हॉस्पिटलातून फोन आला. नर्सचं वागणं, जेवण, स्वच्छता, सगळ्याला पाचपैकी किती गुण, असं विचारलं. जिना उतरता येतो का, हे नाही विचारलं.

मी लीड्सला राहते. इंग्लंडमध्ये एप्रिल 2009 पासून एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, खुबा किंवा गुडघा बदलणाऱ्यांकडून ऑपरेशनआधी एक प्रश्नावली भरून घेते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच पाठवते. गुडघ्यासाठीच्या प्रश्नावलीत, म्हणजे 'ऑक्सफर्ड नी स्कोअर'मध्ये, 12 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 48. रात्री दुखतं का? बाजारहाट स्वतः करता येतो का? गुडघा अचानक दगा देतो का? सोबत ईक्यू-5डी ही एकूण तब्येतीची प्रश्नावली: हालचाल, अंघोळ-कपडे, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता-नैराश्य. शेवटी 0 ते 100 ची उभी पट्टी, तिच्यावर आजची तब्येत दाखवायची. आधी-नंतरचा फरक हॉस्पिटलनिहाय जाहीर होतो, रुग्णाचं वय आणि बाकीची दुखणी हिशेबात धरून. एक्स-रे उत्तम आहे असं डॉक्टर म्हणाले तरी रात्री झोप लागत नाही हे पेशंटचं म्हणणंही नोंदलं जातं. अर्थात फॉर्म भरणं ऐच्छिक आहे, आणि सगळे काही भरून परत येत नाहीत. आधी या योजनेत असलेली हर्निया आणि व्हेरिकोज व्हेन्सची (पायांतल्या फुगलेल्या शिरांची) ऑपरेशनं तर 2017 मध्ये वगळलीच.

ठाण्यात डॉक्टर असलेला माझा वर्गमित्र याला 'तुमचे तिकडचे चोचले' म्हणतो. "कळव्याच्या हॉस्पिटलात ऑगस्ट 2023 मध्ये 24 तासांत 18 पेशंट गेले. तिथे जाऊन तू विचारणार, चिंता वाटते का म्हणून?" त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. जिथे खाटा आणि नर्स पुरत नाहीत, तिथे आधी मृत्यूच मोजायला हवेत. पण गुडघा कुणी जीव वाचवायला बदलत नाही. चालता यावं, झोप लागावी, एवढ्यासाठीच माणूस लाखभराहून जास्त खर्च करतो. मग त्याला ते मिळालं की नाही, हाच त्या ऑपरेशनचा निकाल नव्हे का? 2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली तेव्हा केवढी चर्चा झाली होती! किमतीवर आपण हिरिरीने भांडतो, निकालाबद्दल अवाक्षर काढत नाही.

मात्र इथला कागद जसाच्या तसा तिकडे नेऊन चालणार नाही. ऑक्सफर्डवाले गुडघे टेकून उठता येतं का ते विचारतात. आमच्याकडे प्रश्न मांडीचा, देशी संडासाचा आणि ठाणे स्टेशनच्या पुलाचा. ईक्यू-5डीच्या उत्तरांना भारतीयांच्या पसंतीने किती वजन द्यायचं, हे चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणजे तयारी अगदीच शून्य नाही. कॅन्सरच्या रुग्णांसाठीची 30 प्रश्नांची क्यूएलक्यू-सी30 ही अशीच प्रश्नावली मराठीतही आहे.

खरी अडचण आपल्या सवयीची आहे. डॉक्टर समोर असले की आपण 'बरं आहे' म्हणतो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, आणि पुढच्या वेळीही त्यांच्याकडेच जायचं असतं म्हणून. घरी कागद आला तर मुलगा किंवा सून भरते. तेव्हा विचारणारा माणूस हॉस्पिटलचा नको, आणि उत्तर ज्याचा गुडघा त्याचंच हवं.

हॉस्पिटलं हे आपणहून करतील अशी आशा मला नाही. पैसे विमा कंपन्या आणि सरकारी योजना देतात. बिल चुकतं करताना त्या डिस्चार्ज समरी मागतात, एक्स-रे मागतात. सहा महिन्यांनंतरचे 12 प्रश्नही त्यांनी मागावेत, आणि आकडे हॉस्पिटलच्या नावासकट छापावेत.