‘नुसत्या तपासण्या, निदान शून्य’ या रिव्ह्यूला दवाखान्याकडून उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की कुत्रा दोन दिवस थरथरत होता, अन्नाला तोंड लावत नव्हता. आम्ही ‘नुसतं चाचपत बसलो’, मग रक्त तपासलं, एक्स-रे काढला आणि ‘नेमकं कारण अजून कळलेलं नाही’ असं सांगून मळमळीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. दुसरीकडे एका इंजेक्शनने तो तासाभरात जेवला. तुमचा राग समजतो. पैसे मोजून ‘कळलं नाही’ ऐकायला कुणालाच आवडत नाही. त्याचे रिपोर्ट मी इथे उघड करणार नाही, तुम्ही मांडलंय तेवढ्यापुरतंच बोलतो.

थरथर आणि खाणं बंद, या जोडीमागे बरंच काही असू शकतं: दुखणं, मळमळ, गोचीडताप, किडनीचा त्रास, पिल्लांमध्ये शुगर उतरणं, व्यालेल्या कुत्रीचं कॅल्शियम घसरणं, बुरशी आलेलं अन्न, चॉकलेट, झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगम. यातलं जे काही तासांत जिवावर बेतू शकतं ते आधी बघायचं, म्हणून रक्त. ते ठीक आलं की रात्रभर भरती ठेवायचं की घरी सोडायचं, हे ठरवता येतं.

आता चाचपण्याबद्दल. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळते. पोटावर हात ठेवला की ते फळीसारखं कडक होतं का, कंबरेच्या एखाद्या मणक्यावर दाबलं की कातडी थरारते का, मान एका बाजूला वळवायला तो नकार देतो का. मान दुखणारा कुत्रा भांड्यापाशी जातो, वास घेतो, पण डोकं खाली घालत नाही. तेच बिस्किट त्याच्या तोंडासमोर धरा, लगेच खातो. घरच्यांना वाटतं भूक मेली. (थंडी वाजतेय समजून पांघरूण घालणारेही पुष्कळ.) आणि एक्स-रेत हाडं दिसतात, मणक्यातली सरकलेली गादी सहसा दिसत नाही. म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं नाही असं मी म्हणत नाही.

राहिलं इंजेक्शन. ते कोणतं होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्या डॉक्टरांबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांचं निदान बरोबरही असेल. पण तासाभरात तरतरी वेदनाशामकानेही येते, मळमळीच्या औषधानेही येते आणि स्टेरॉइडनेही. कारण कळण्याआधी स्टेरॉइड द्यायचं मी टाळतो, आणि यापुढेही टाळीन. अ‍ॅडिसन्स नावाच्या आजारात किडनीजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे हार्मोन पुरेसं बनवत नाहीत. कुत्रा मलूल होतो, थरथरतो, खाणं सोडतो, सलाइन दिलं की उठून बसतो आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. बहुतेकांत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त सापडतं, पण काहींत दोन्ही नॉर्मल येतात. मग कॉर्टिसॉलची वेगळी चाचणी लागते. नुकतंच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेलं असेल तर ती चाचणी औषधालाच कॉर्टिसॉल समजून मोजते आणि निकाल फसवा येतो. शिवाय स्टेरॉइडच्या जोडीला कुणी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं तर जठरात अल्सर होण्याची भीती वेगळीच.

तो जेवतोय हे वाचून बरं वाटलं. तिकडच्या फाइलवर इंजेक्शनचं नाव असेल, ते आमच्या रिसेप्शनला कळवा. स्टेरॉइड असेल तर पुढची चाचणी कधी करायची ते त्यावरून ठरेल. इथे केलेले सगळे रिपोर्ट तुम्हाला किंवा त्या डॉक्टरांना लगेच पाठवतो. तोवर घरातली माणसांची पेनकिलर देऊ नका, आयबुप्रोफेन तर अजिबात नाही. थरथर परत आली तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि हाक मारल्यावर तो तुमच्याकडे बघतो का ते त्यात दिसू द्या. फिटचा झटका आहे की नाही हे ओळखायला त्याची मदत होते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तो कोसळला किंवा उलट्या थांबत नसल्या, तर आमचाच दवाखाना हवा असं काही नाही, जो जवळ असेल तिथे न्या.