काका, प्रेशर आलं का?

साठी उलटलेला पुरुष दोन गोष्टी लपवतो: बँकेतली शिल्लक आणि रात्रीच्या फेऱ्या. आमच्या कट्ट्यावर गुडघ्यांवर तासभर परिसंवाद चालतो. लघवीचा विषय निघाला की मात्र जो तो म्हणतो, "थंडी वाढलीय हो." तेही भर मे महिन्यात.

घरात कुठलं लपायला! "अहो, झोप लागली का आत?" असं ही बाहेरून विचारते. आत आम्ही फरशीवरची नक्षी बघत उभे. येताना घाई अशी, की कडी लावायलाही सवड नाही; आणि पोचल्यावर सगळं ठप्प. मग बारीक धार लागते, मध्येच थांबते, पुन्हा लागते. नाडी बांधली की उरलेले थेंब हजर. अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, राहिलंच की थोडं.

डॉक्टरांनी सात प्रश्नांचा कागद पुढे केला. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. ८ ते १९ म्हणजे त्रास मध्यम. जन्मभर काठावर पास होणाऱ्याला इथेच भरघोस गुण पडायचे होते! प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी असते अक्रोडाएवढी, पण मूत्रनलिकेला वेढून बसलेली. वाढली की नळीच आवळते. हा कॅन्सर नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं (मी चारदा विचारलं होतं). पण लघवीतून रक्त गेलं किंवा लघवी तुंबली, तर ताबडतोब यायचं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही ती तुंबते, म्हणून मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत.

मग सोनोग्राफी. "लिटरभर पाणी प्या, प्रेशर आलं की सांगा." आता रात्रभर ज्याने मला नाचवलं, ते प्रेशर नेमकं रुसलं. काउंटरवरची मुलगी भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात विचारतेय, "काका, प्रेशर आलं का?" आलं तेव्हा असं आलं, की मला बसवेना आणि उभंही राहवेना. त्यात "आत पेशंट आहे, दहाच मिनिटं!" शेवटी टेबलावर घेतलं, पोटावर गार जेल थापलं आणि नेमकं तिथेच दाबलं.

"आता रिकामं करून या. मागे किती उरतं ते बघायचंय."

धावलो. संडासाला आतून कडी. बाहेर माझ्याच वयाचे आणखी दोघे, पायांची अढी घालून.

"झालंच!" आतून आवाज आला.

बऱ्याच वेळाने पुन्हा आला, "झालंच हं!"

आमच्यापैकी एकानेही दार वाजवलं नाही.