‘शामारेलचा दिवस वाया गेला’ या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

आमच्या मे महिन्यातल्या मॉरिशस सहलीला तुम्ही दोन तारे दिलेत. अभिप्राय वाचल्यावर मी त्या दिवशी तुमच्याबरोबर असलेल्या टूर लीडरला बोलावून सगळं विचारून घेतलं. बाकीची सहल चांगली झाली, पण शामारेलचा दिवस ‘मातीचे ढिगारे, धुकं आणि गार जेवण’ यात गेला, आईंना उगाच पायऱ्या चढायला लावल्या, त्यापेक्षा समुद्रावर सोडलं असतं तर बरं, असं तुमचं म्हणणं आहे.

आधी जेवणाचं. तुमची तक्रार खरी आहे. शामारेल हे डोंगरातलं लहान गाव. तिथे आम्ही मुद्दाम घरगुती खानावळीत जेवतो: भात, डाळ, पालेभाजी, टोमॅटोचं रुगाय (तिकडचा रस्सा) आणि सातिनी, म्हणजे आपलीच चटणी. आईंसाठी कांदा-लसूण नसलेलं ताट हवं हे तुम्ही बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. खानावळीला तो निरोप आदल्या दिवशी जायला हवा होता, आमच्याकडून तो त्या दिवशी सकाळी गेला. रुगायात कांदा पडलेला होता, त्यांना परत चूल पेटवावी लागली. आईंचं ताट येईपर्यंत तुम्ही चौघंही थांबलात आणि सगळ्यांचाच भात गार झाला. यात खानावळीच्या ताईंचा काही दोष नाही. चौघांच्या त्या जेवणाचे पैसे या आठवड्यात तुमच्या खात्यात जमा होतील.

पायऱ्यांचंही तेच. आईंचे गुडघे दुखतात हे फॉर्मवर लिहिलेलं होतं. शामारेलचा धबधबा ऐंशी मीटरहून जास्त उंचीवरून पडतो, तो खालच्या कठड्यावरूनही छान दिसतो. वर न्यायची गरजच नव्हती. टूर लीडरने हे आधी सांगायला हवं होतं. याबद्दल आईंची मी माफी मागतो.

पण ‘मातीचे ढिगारे’ हे मला लागलं, सर. हा दिवस कार्यक्रमात ठेवावा म्हणून मी स्वतः हट्ट धरला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शामारेलची ती सात रंगांची माती म्हणजे कुजलेला कातळ आहे. ज्वालामुखीचा काळा बेसॉल्ट लाखो वर्षं उन्हापावसात झिजला, पाण्यात विरघळणारं सगळं वाहून गेलं, आणि मागे उरली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लाल-तपकिरी छटा लोखंडाच्या, निळसर-जांभळ्या ॲल्युमिनियमच्या. आपल्या कोकणातला जांभाही बेसॉल्ट असाच कुजून होतो. आणि सह्याद्रीचा कातळ साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून वर आला, त्याच जागेने भारत उत्तरेला सरकल्यावर पुढे मॉरिशस घडवलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. रत्नागिरीचा माणूस त्या कठड्याला टेकून उभा राहिला की हे त्याच्या कानावर पडलंच पाहिजे. तुमच्या गाडीत हे कोणी सांगितलं नाही. माहितीशिवाय तिथे वीस मिनिटं उभं राहिलं तर ढिगारेच दिसणार, हे मला मान्य आहे.

शिवाय तुम्ही पोहोचलात भर दुपारी एक वाजता. डोक्यावरच्या उन्हात ते रंग फिके पडतात. सकाळी ऊन तिरपं असताना मातीच्या प्रत्येक वळीची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि जांभळा रंग तेव्हा कुठे लालापासून सुटा दिसतो. उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रां बेच्या हॉटेलपासून तिथवर दीड-पावणेदोन तास लागतात. उशिरा निघालं की सगळंच कोलमडतं.

धुक्याबद्दल मात्र आमचा इलाज नाही. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या दऱ्याखोऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग उंचावर आहे आणि आग्नेयेकडून येणारे वारे तिथे ढग आणून सोडतात. आंबोलीला आपण जातो तसंच ते. ज्या दरीत तुम्हाला काही दिसलं नाही, तिथेच मॉरिशसचा तो छोटा ससाणा राहतो. 1974 मध्ये या जातीचे जंगलात चारच पक्षी उरले होते, तिथून ती जात माणसांनी परत वाढवली. पुढच्या गटासाठी टूर लीडरला सांगितलंय की दरी झाकलेली असेल तर तिथे अर्धा तास थांबवून ठेवायचं नाही, परतताना पुन्हा गाडी वळवायची.

समुद्राचं म्हणाल तर बाकीच्या दिवसांत तो होताच. आणि याच ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ऊसमळ्यांसाठी बोटीने गेलेल्या कोकणातल्या मजुरांची ही नातवंडं-पतवंडं. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. तुमच्या गाडीचे चालक त्यांच्यातलेच होते. त्यांनी आईंशी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, दोघांनी मिळून गणपतीची आरती म्हटली, हे टूर लीडरने मला सांगितलं. तुमच्या अभिप्रायात ते नाही. आईंना आठवतंय का, जरूर विचारा.

पुढच्या गटापासून गाडी सकाळी साडेसहाला निघेल, शामारेल आधी, जेवण त्यानंतर, आणि संध्याकाळचे दोन तास ल मॉर्नच्या किनाऱ्यावर. जेवणाचे निरोप आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत गेले की नाही हे मी स्वतः तपासणार आहे. पैसे सोमवारपर्यंत जमा झाले नाहीत तर ऑफिसच्या नंबरवर थेट माझं नाव सांगून फोन लावा.

आपला,
संचालक