ट्यूलिपची खुडलेली शेतं : ॲमस्टरडॅमच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातला राग रास्त आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. इतर वाचकांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. वसंतातल्या ॲमस्टरडॅमवरच्या लेखात ‘एप्रिलचा शेवटचा आठवडा गाठा’ असं लिहिलं होतं. त्यावर विसंबून तुम्ही आईबाबांसह पाच जण २७ एप्रिलला सकाळी पोचलात. शहराच्या मध्यात ट्राम नव्हती, गर्दीतून बॅगा ओढाव्या लागल्या. शेतांत ट्यूलिपऐवजी नुसते हिरवे दांडे दिसले. थंडीने हाल झाले, केउकेनहॉफच्या ट्यूलिप बागेत माणसांचीच रांग पाहिली, दोघांचं कार्ड ट्राममध्ये चाललं नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘माहिती तपासून लिहिता की नाही? त्यापेक्षा श्रीनगर काय वाईट होतं?’

आधी चुका कबूल करतो. २७ एप्रिल हा नेदरलँड्सच्या राजाचा वाढदिवस, ‘कोनिंग्सडाख’, आणि त्याचा लेखात उल्लेखही नव्हता. ही मोठी चूक आहे. ‘शेवटचा आठवडा’ हा सल्लाही अर्धवट होता, कारण तो बागेसाठी बरोबर आहे आणि शेतांसाठी नाही. या दोन गोष्टी लेखात एकत्र झाल्या, आणि तुमची खरी फसगत तिथेच झाली. लेखात दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत.

तुम्ही नाशिकच्या आहात, त्यामुळे शेतांचं गणित तुम्हाला चटकन पटेल. कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले की कांदा पोसत नाही, म्हणून शेतकरी ते मोडून टाकतो. ट्यूलिपचंही तसंच आहे. हार्लेम आणि लायडन या गावांमधल्या पट्ट्यात जी रंगीत शेतं दिसतात, ती फुलांसाठी लावलेलीच नसतात, कंदांसाठी लावलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंद पुरायचे, हिवाळ्याची थंडी त्यांना द्यायची, वसंतात फूल येऊ द्यायचं आणि मग ते खुडून टाकायचं. फूल तसंच राहिलं तर बी धरतं आणि झाडाची ताकद तिकडे जाते. गळलेल्या ओल्या पाकळ्या पानांवर चिकटल्या तर बुरशीही लागते. म्हणून यंत्र फक्त माथा उडवतं. दांडा आणि पानं तशीच ठेवतात, कारण पुढचे दीड-दोन महिने त्या पानांच्याच जिवावर कंद पोसतो आणि जून-जुलैत काढणी होते. तुम्ही पाहिलेले हिरवे दांडे म्हणजे वाया गेलेलं शेत नव्हतं, ते ऐन भरात आलेलं पीक होतं. बांधावर कोमेजलेल्या पाकळ्यांचे ढीग दिसले असतील, तीच आठवड्यापूर्वीची फुलं.

मग मुळात फूल येऊच का देतात? कारण फूल उमलल्याशिवाय दोन गोष्टी कळत नाहीत. एक म्हणजे लाल वाणात चुकून पिवळ्याचा कंद मिसळला आहे का, आणि दुसरं म्हणजे रोप रोगट आहे का. सतराव्या शतकात ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या ट्यूलिपवरून हॉलंड वेडं झालं आणि १६३७ च्या फेब्रुवारीत ज्यांचा बाजार कोसळला, त्या फुलांवरचे पट्टे मावा ही कीड पसरवत असलेल्या एका विषाणूमुळे उमटत होते. आज तसा पट्टा दिसला की शेतकरी ते रोप कंदासकट उपटतो. शेत फुललेलं असताना ओळीओळीतून वाकून चालणारी माणसं दिसली तर ती हेच काम करत असतात. (बाजारात आज मिळणारे पट्टेदार ट्यूलिप वेगळे, ते निरोगी वाण आहेत.) ही पाहणी उरकली की यंत्र फिरतं. म्हणजे एखादं शेत पूर्ण रंगात असण्याचे दिवस जेमतेम आठ ते पंधरा. मार्च-एप्रिल ऊबदार गेले तर २० एप्रिलनंतर या पट्ट्यातली बरीच शेतं खुडून झालेली असतात. थंड गेले तर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रंग टिकतो. तारीख कॅलेंडर ठरवत नाही, तापमान ठरवतं.

त्यातच आणखी एक अडचण. तुम्ही लिहिलंय की इन्स्टाग्रामवरचं लोकेशन लावून गेलात आणि तिथे काहीच नव्हतं. त्याच शेतात लागोपाठ ट्यूलिप घेत नाहीत, मातीतले रोग वाढतात म्हणून. फेरपालट होते. गेल्या वर्षीच्या फोटोतलं शेत यंदा दुसऱ्याच पिकाखाली असू शकतं. त्यापेक्षा हार्लेम-लायडन लोकल ट्रेनने खिडकीशी बसून एकदा जा. हिलेखोम आणि फोरहाउटच्या आसपास शेतं रुळाच्या दोन्ही बाजूंना लागतात. कुठे रंग आहे ते डोळ्यांनी कळतं, मग उतरून सायकल घ्यायची.

शेतांसाठी १२ ते २२ एप्रिल हा पट्टा धरावा. तुमच्यासारखं एप्रिलच्या शेवटी जाणं झालं तर थोडं उत्तरेला जायचं. ॲमस्टरडॅम सेंट्रालहून डेन हेल्डरकडे जाणारी गाडी साधारण तासाभरात आना पाउलोना स्टेशनला पोचते. तिथे समुद्राच्या गार वाऱ्यामुळे फुलोरा काही दिवस मागे असतो. आणि कुठेही गेलात तरी बांधावरून बघायचं. ओळींमध्ये शिरून फोटो काढू नका. बुटांना लागलेल्या मातीबरोबर रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो आणि पायाखाली कंद चिरडतो. आपल्या द्राक्षबागेत कुणी विचारल्याशिवाय शिरलं तर कसं वाटेल, तसंच ते आहे.

आता केउकेनहॉफ. तिला तुम्ही ‘बनावट बाग’ म्हटलंत. ती मांडलेली बाग आहे हे खरं, आणि तिचं मोल त्या मांडणीतच आहे. ३२ हेक्टर जागेत दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात, आणि एकाच खड्ड्यात थर देऊन लावतात. सगळ्यात खाली उशिरा फुलणारे ट्यूलिप, त्यावर लवकर येणारे, सगळ्यात वर क्रोकससारखी मार्चमधली फुलं. वरचा थर ओसरला की खालचा वर येतो, म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तोच वाफा फुललेला राहतो. शेतं खुडल्यावरही बाग भरलेली असते ती यामुळे. श्रीनगरची ट्यूलिप बाग सुंदरच आहे, मागे झबरवानचे डोंगर आहेत, ते हॉलंडला कुठून मिळणार. पण तिथलेही कंद हॉलंडहूनच येतात, आणि कंदाची शेती बघायची तर मूळ गावीच जावं लागतं.

गर्दीवर उपाय वेळेचा आहे. बाग सकाळी ८ ला उघडते आणि संध्याकाळी ७.३० ला बंद होते. तिकिटावर आत शिरण्याची वेळ ठरलेली असते, बाहेर पडण्याची नसते. सहलीच्या बसगाड्या साडेदहा ते तीनच्या दरम्यान ओततात. सकाळी ८ चं तिकीट काढा, किंवा दुपारी ४ चं. एप्रिलच्या मध्यावर तिथे सूर्य रात्री साडेआठच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे दुपारच्या तिकिटातही उजेड भरपूर मिळतो आणि तिरप्या उन्हात रंग जास्त खुलतात. शुक्रवार ते रविवार टाळा. एप्रिलच्या मध्यावर एका शनिवारी नोर्डवाइक ते हार्लेम अशी फुलांच्या रथांची मिरवणूक निघते, ती बघायची नसेल तर तो दिवस नक्कीच टाळा, त्या भागातले रस्ते तुंबलेले असतात. स्किपोल विमानतळाहून बागेची बस सुटते तिथे सकाळी रांग मोठी असते, लायडन स्टेशनवरून जाणारी बस बरीच सुटसुटीत.

कोनिंग्सडाखबद्दल. २७ एप्रिल, आणि त्या दिवशी रविवार आला तर २६. त्या दिवशी शहराच्या मध्यात ट्राम-बस चालत नाहीत, मेट्रो आणि ट्रेन चालतात. रस्त्यांवर लोक घरातल्या जुन्या वस्तू मांडून विकतात, कालवे होड्यांनी भरतात, सगळं केशरी होतं. हातात फक्त पाण्याची बाटली असेल तर हा दिवस आनंदाचा आहे. पाच बॅगा आणि वडीलधारी माणसं असतील तर ती शिक्षा. त्या दिवशी हॉटेल बदलू नये, विमान उतरू नये. आदल्या दिवशी पोचणं जमत नसेल तर पहिली रात्र हार्लेम किंवा लायडनला काढावी. हार्लेम ॲमस्टरडॅमहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. याचा आणखी एक फायदा म्हणजे ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर लागतो, जो बुकिंग करताना बऱ्याचदा किमतीत धरलेला नसतो. तुम्हाला हॉटेलात ‘जास्तीचे पैसे’ मागितले ते बहुधा हेच.

मेच्या सुरुवातीला जाणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवतो. ४ मे रोजी रात्री ८ वाजता युद्धात बळी पडलेल्यांसाठी दोन मिनिटं सारा देश स्तब्ध उभा राहतो, ट्रामही थांबतात. त्या वेळी फोन खिशात ठेवून जागेवर उभं राहायचं.

कार्डाचं तुम्ही जे लिहिलंत त्याची कारणं तीनपैकी एक असतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार आपल्या नव्या कार्डांवर परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही मुळात बंद असतं. बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही वेगवेगळे चालू करावे लागतात. बहुतेक लोक पहिलं चालू करतात आणि दुसरं विसरतात. दुसरं कारण, रुपे कार्ड तिथल्या यंत्रावर चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. तिसरं कारण सगळ्यात फसवं आहे. चढताना फोनने टॅप केलं आणि उतरताना प्लॅस्टिकच्या कार्डाने, तर खातं एकच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात. दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींचं जास्तीचं भाडं कापलं जातं. ज्याने चढलात त्यानेच उतरा, आणि माणशी एक कार्ड ठेवा. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. ट्राममध्ये रोख पैसे घेत नाहीत.

थंडीचं म्हणाल तर एप्रिलमध्ये दिवसाचं तापमान १३ अंशांच्या आसपास आणि रात्रीचं ४-५ अंश असतं. आकडा ऐकून महाबळेश्वरची थंडी डोळ्यांसमोर येते, पण त्रास देतो तो वारा. सपाट मुलखात त्याला अडवायला काही नाही. जाड स्वेटर त्यातून गार पडतो. आत पातळ थर्मल, मध्ये साधा स्वेटर, वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ जॅकेट आणि कान झाकणारी टोपी, एवढं पुरतं. छत्री नेऊ नका, उलटी होते. डच लोक म्हणतात की गोड एप्रिल कधीतरी पांढरी टोपीही घालून येतो, म्हणजे बर्फही पडू शकतो.

सायकलीबद्दल एकच. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पॅडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला थांबल्यावर पॅडल उलटं फिरवून पाय जुळवायची सवय असते, तिथे ते होत नाही. गर्दीत शिरण्यापूर्वी मोकळ्या जागी पाच मिनिटं सराव करा. ट्रामचे रूळ तिरपे ओलांडू नका, चाक खाचेत अडकतं. आईबाबांसाठी सायकलीचा हट्ट मुळीच नको.

नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक यांच्या घराची तिकिटं, तुम्ही म्हणता तशी, ‘कधीच मिळत नाहीत’ असं नाही. ती फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी तिथल्या सकाळी १० वाजता, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी सुटतात. एप्रिलच्या मध्याची तिकिटं मार्चच्या सुरुवातीला सुटतात, तेव्हा तिथली घड्याळं अजून पुढे केलेली नसतात. त्यामुळे आपल्याकडे दुपारचे २.३० वाजलेले असतात, १.३० नव्हे. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर १.३० होतात. चित्रकार व्हान गॉख यांच्या संग्रहालयाचंही वेळेचं तिकीट आधी काढूनच ठेवा.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिलमध्ये जायचं तर जानेवारीतच करा, मार्चनंतर आपल्याकडच्या सुट्ट्यांमुळे अपॉइंटमेंट मिळत नाही.

शेवटचं, आईंच्या जेवणाचं. त्या शाकाहारी आहेत आणि चार दिवस ब्रेड-चीजवर राहिल्या, हे वाचून वाईट वाटलं. आणि जुन्या पद्धतीच्या गौडा चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, हेही लेखात सांगायला हवं होतं. वेष्टनावर शाकाहारी विरजणाचा उल्लेख असेल तेच घ्यावं. पण ॲमस्टरडॅममध्ये सुरिनामी खानावळी आहेत. १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशाकडून सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत मजुरीसाठी नेलेल्या लोकांचे वंशज पुढे हॉलंडला आले, त्यांचं हे जेवण. मऊ मोठी रोटी, आत वाटलेल्या पिवळ्या डाळीचा पातळ थर, सोबत बटाट्याची रस्साभाजी आणि चवळीच्या लांब शेंगा. आईंना घरचीच चव लागेल. डे पाइप भागात, आल्बर्ट काउप बाजाराच्या आसपास मिळते. बाजार रविवारी बंद असतो. मागताना भाजीची रोटी म्हणून मागा आणि ‘झोंडर आय’ असं आवर्जून सांगा. आय म्हणजे अंडं. न सांगितल्यास भाजीच्या रोटीवरही उकडलेलं अंडं ठेवून देतात.