विल्फ्रेड आमच्याकडे असतो

हौसेला मोल नसतं असं म्हणणाऱ्याने आयुष्यात लिलावात बोली लावलेली नसणार. मोल असतं. त्यावर लिलावगृहाचं कमिशन असतं, बऱ्याच ठिकाणी कमिशनवर कर असतो आणि टपालाचा विमाही आपल्याच खिशातून जातो. खरेदीदाराकडून कमिशन घ्यायची ही टूम लंडनमध्ये दोन बड्या लिलावगृहांनी १९७५ साली आणली. तोवर तिथे फक्त विकणारा कापला जायचा.

मी युद्धातली पदकं जमवते. मला युद्धातलं फार कळतं अशातला भाग नाही. घरात कुणाचा आवाज चढला तरी मी दुसऱ्या खोलीत जाते. पण पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या बहुतेकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग लावून कड फिरवली की त्या धातूला मालक मिळतो. सगळं व्यसन त्या कडेपासून सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांना जे तारे दिले त्यांवर नावं घातलीच नाहीत. त्यामुळे तो तारा कुणाच्याही आजोबांचा असू शकतो, आणि विक्रीला येताना हमखास कुणातरी शूर आजोबांचा असतो.

पहिल्या युद्धात लवकर उतरलेल्या शिपायाला साधारण तीन पदकं मिळत: एक तारा, एक चांदीचं युद्धपदक आणि एक कांस्याचं विजयपदक. १९१९ साली लंडनच्या एका दैनिकात कुत्रा, पेंग्विन आणि ससा यांची चित्रमालिका सुरू झाली. त्यांची नावं पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड. लोकांनी तीच नावं त्याच क्रमाने पदकांना चिकटवली. म्हणजे खंदकातल्या चिखलात वर्षं काढलेला माणूस घरी आला तो छातीवर कुत्रा, पेंग्विन आणि ससा लावून.

हे त्रिकूट एकत्र राहतं तोवर सगळं ठीक. पण माणूस जातो आणि वाटणी होते. तीन मुलं, तीन पदकं. इतका सोपा हिशेब कुठल्या घरात चुकेल? त्यातून जी वाचली त्यांच्यावर चांदीने घाला घातला. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला आणि ढिगांनी स्क्वीक भट्टीत गेले. पदकापेक्षा त्यातली चांदी महाग झाली होती. कांस्याच्या विल्फ्रेडला भट्टीवाल्यानेही विचारलं नाही. म्हणून आज बाजारात एकटे विल्फ्रेड भरपूर भेटतात. माझ्याकडेही ते जास्त आहेत, कारण सुरुवातीला मला तेवढेच परवडायचे.

आता फुटलेली त्रिकुटं पुन्हा जुळवणं हा आमच्या जमातीचा मोठा धर्म. त्यासाठी पदक विक्रीला आलं की कळवणाऱ्या सूचना लावून ठेवायच्या, नंबर पाठ करायचे, याद्या चाळायच्या. आणि महागाईचं मूळ नेमकं इथे आहे. चांदीची युद्धपदकं पासष्ट लाखांच्या आसपास निघाली. दुर्मीळ म्हणायची तर सोयच नाही. पण आपल्या विल्फ्रेडच्या नंबराचा स्क्वीक जगात एकच. तो हवा असणारी माणसंही दोनच: एक मी, आणि दुसरा ज्याच्याकडे पिप आहे तो. बाकी जगाच्या दृष्टीने ती थोडीशी चांदी आहे. पण लिलावाला दोन माणसं पुरतात. तिसरं आलं तर गर्दी.

विल्यम व्हिक्री नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली लिलावाचं गणित मांडलं. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने जिंकावं, पण पैसे भरावेत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. अशा लिलावात शहाण्याने वस्तू आपल्याला जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा लिहावा आणि झोपी जावं. (झोपी जावं ही माझी भर.) १९९६ साली त्यांना नोबेल मिळालं. ऑनलाइन लिलाव बरेचसे याच चालीने चालतात: आपला कमाल आकडा यंत्राच्या कानात सांगून ठेवायचा, मग ते आपल्या वतीने दुसऱ्याच्या एक पायरी वर राहतं. सिद्धांतात खोट नाही. फक्त वस्तू आपल्याला केवढ्याची वाटते हे आधी ठाऊक असतं, असं त्यात धरून चाललेलं आहे. मला ते दुसऱ्याने बोली वाढवेपर्यंत कळत नाही.

बोली लावणाऱ्यांत कुरतडणारे सर्वांत त्रासदायक. आपला कमाल आकडा कुठे दडलाय ते शोधायला हे एकेक पायरी चढत राहतात आणि आपल्या आकड्याला टेकले की गायब होतात. वस्तू आपल्याला मिळते, पण आपल्या खिशाचा तळ पाहून गेल्यासारखा त्यांचा अदृश्य चेहरा दिसत राहतो. दुसरे शेवटच्या तीन-चार सेकंदांत गोळी झाडणारे. यांच्यावर उपाय म्हणून काही लिलावगृहं उशिरा बोली आली की वेळ वाढवून देतात. तिथे एकवार होतं, दोनवार होतं, तीनवार काही होत नाही. मध्यरात्र उलटल्यावर दारातून आवाज येतो, "अगं, युद्ध संपलं का?" आमच्या घरातला हा एकमेव युद्धविषयक प्रश्न आहे.

माझा एक मित्र हेल्मेटवाला आहे. अमेरिकन एम-वन हेल्मेट १९४१ साली आलं. त्याच्या कडेच्या पट्टीचा सांधा आधी पुढे होता, १९४४ च्या अखेरीस मागे गेला. सांधा पुढे असेल तर भाव एक, मागे असेल तर दुसरा, आणि चांगली माणसं या सांध्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत. युद्धभूमीत उकरून काढलेली गंजकी हेल्मेटंही तो घेतो. एकदा म्हणाला, "अगं, गंज बघ, अस्सल आहे."

"अरे, याला भोक आहे."

"म्हणून तर महाग."

त्या भोकाखाली कोण होतं हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

खोट्या मालाने खऱ्याचे भाव आणखी चढवले आहेत. आमच्यात सगळे अतिनील दिवा घेऊन हिंडतात. जुना धागा त्याखाली चमकायला नको; निळसर चमकला तर धुण्याच्या साबणाने तरी घात केलाय नाहीतर विकणाऱ्याने. "वस्तू घ्या, गोष्ट नको" हा जुन्या संग्राहकांचा मंत्र, पण विकणाऱ्यांकडे वस्तूपेक्षा गोष्टी जास्त असतात. अमेरिकन सैनिकांच्या गळ्यातल्या ओळखबिल्ल्याच्या खाचेचंच बघा. मेलेल्याच्या दातांत तो अडकवायला खाच ठेवली, हे मला कितीतरी जणांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलंय. ती बिल्ला यंत्रात नीट बसावा म्हणून होती. पण यंत्राच्या गोष्टीला कोण जास्त पैसे देणार?

तर माझ्या एका विल्फ्रेडचा स्क्वीक गेल्या हिवाळ्यात लिलावाला आला. मागच्या बाजूला संत जॉर्ज अंगावर चिंधीही न घेता घोड्यावर बसलेला, आणि कडेवर तोच नंबर, तेच नाव. अंदाजित किंमत अगदी सोज्वळ होती. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत तो आला, नाव अर्धं झाकलेला. मी वाढवलं, त्याने वाढवलं. एवढ्या पैशांत चार संपूर्ण त्रिकुटं आली असती. पण ती दुसऱ्या कुणाची, आणि दुसऱ्या कुणाचं आम्हाला काय! शेवटी स्क्वीक त्याच्याकडे गेला.

मी लिलावगृहामार्फत सभ्य चिठ्ठी पाठवली: आपण तो विकाल का? उत्तर त्याहून सभ्य होतं. पिप त्यांच्याकडे कित्येक वर्षांपासून आहे, आता स्क्वीक आला, तेव्हा विल्फ्रेड देऊ शकाल का, बाजारभावाप्रमाणे?

विल्फ्रेडचा बाजारभाव मला माहीत आहे. तिघांत सर्वांत कमी. मी आकडा लिहिला, मग त्यात दिव्याचे, भिंगाचे आणि जागरणाचे पैसे मिळवले, वर थोडं कमिशन लावलं आणि पाठवून दिला.

चार दिवसांनी उत्तर आलं, "हे जरा जास्त होत नाही का?"

मी लिहिलं, "काय करणार, बाजार फार चढलाय."